सिलिंडरच्या गॅसचा वास आणि गटारातला वास

सेप्टिक टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे दगावल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘त्यांना वास आला नाही का?’ हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून सुचतो, आणि गटाराच्या तोंडाशी तोच अनुभव जीवघेणा ठरतो.

स्वयंपाकघरातला वास सर्वांच्या परिचयाचा आहे. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसल्यामुळे त्यात एथिल मरकॅप्टन हे गंधकयुक्त संयुग मुद्दाम मिसळतात. 1937 साली टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वासहीन नैसर्गिक वायूची गळती कोणाच्याच लक्षात आली नाही आणि स्फोटात सुमारे 300 जण, त्यांतही बहुतेक मुले, मृत्युमुखी पडली. अशा वायूत वास मिसळण्याचे नियम त्यानंतर झाले. हवेतला गॅस पेट घेण्याइतका साचण्याच्या बराच आधी नाकाला कळावा, अशा बेताने मरकॅप्टनची मात्रा ठरवलेली असते.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड हा मात्र स्वतःच विषारी वायू आहे आणि त्याचा वास कोणी आखून दिलेला नाही. एकाचा वास सडक्या कोबीसारखा, दुसऱ्याचा सडक्या अंड्यांसारखा, हा भेद गौण आहे.

खरा घोटाळा पुढे आहे. दहा लाख भाग हवेत एका भागाहूनही पुष्कळ कमी हायड्रोजन सल्फाइड असला तरी नाकाला तो जाणवतो, त्यामुळे आपले नाक भरवशाचे आहे असा समज होतो. पण हेच प्रमाण 100 भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच गंधाची जाणीव बधिर होते आणि वास येईनासा होतो. 500 ते 700 भागांत शुद्ध हरपते. 1000 भागांत माणूस एकदोन श्वासांत कोसळतो. वास ओसरला म्हणजे वायू निघून गेला, असे समजून माणूस पुढची पायरी उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात वायू वाढलेला असू शकतो. ‘नाकाला सवय होते’ एवढ्यावर हे उडवून लावणे मला मुळीच मान्य नाही. सवय कोणत्याही वासाची होते, मरकॅप्टनचीही होते. येथे वास ओळखणारी यंत्रणाच विषाने निकामी होते.

अशा मृत्यूंबद्दल सरसकट ‘गुदमरून’ असे लिहिणेही दिशाभूल करणारे आहे. प्राणवायूचा अभाव हे अनेकदा एक कारण असतेच, पण हायड्रोजन सल्फाइड पेशींमधील प्राणवायू वापरणारे विकर (एन्झाइम) अडवतो, त्यामुळे हवेत पुरेसा प्राणवायू असतानाही मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच दिवा किंवा मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत मला घातक वाटते: ज्योत तेवत राहिली तर विष नाही असे सिद्ध होत नाही, आणि हा वायू, तसाच गटारातला मिथेनही, ज्वालाग्राही आहे.

पेशींवरच्या याच परिणामामुळे संशोधकांचे या वायूकडे लक्ष गेले. 2005 साली सिएटलमध्ये मार्क रॉथ यांच्या गटाने उंदरांना दहा लाख भाग हवेत 80 भाग या प्रमाणात हा वायू दिला तेव्हा त्यांचा चयापचय मंदावून ते शीतनिद्रेसारख्या अवस्थेत गेले आणि नंतर पूर्ववत झाले. मेंढ्या व डुकरांवरच्या प्रयोगांत मात्र तसा परिणाम दिसला नाही, हे सांगायला उत्साही लेख विसरतात. अत्यल्प प्रमाणात हा वायू आपल्या शरीरातही तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैल करण्यासारख्या कामांत संदेशवाहक म्हणून भाग घेतो.

गटारापाशी उपयोग आहे तो मोजणाऱ्या यंत्राचा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने मोजणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी करावी लागते. शिवाय साचलेला गाळ ढवळताच वायू एकदम मोकळा होत असल्याने यंत्र काम संपेपर्यंत चालू ठेवावे लागते. आत कोणी कोसळल्यास त्याला दोर व कप्पीने वरूनच ओढून घेता यावे, अशी तयारी उतरण्याआधीच हवी, कारण मागोमाग तसाच उतरलेला सहकारीही त्याच हवेत श्वास घेणार असतो.