आत्मस्वरूप : तत्त्वज्ञांची मते आणि विदर्भातील परंपरा

‘मी’ म्हणजे नेमके काय, तो देहाहून वेगळा आहे का, काल होता तोच आज आहे असे कशाच्या जोरावर म्हणायचे आणि मृत्यूनंतर त्याचे काय होते, या प्रश्नांचा विचार म्हणजे आत्मविचार. विदर्भाच्या खेड्यांत या प्रश्नांची परस्परविरोधी उत्तरे शेजारीशेजारी नांदतात. घराने कोणते उत्तर मानले यावर दैवतापुढे हात जोडायचे की नाही, पितरांना घास टाकायचा की नाही, हे ठरते. म्हणूनच येथे हा विषय पोथीपुरता राहिलेला नाही.

भारतीय दर्शनांत टोकाची मते आहेत. चार्वाक देहापलीकडे काही मानत नाहीत. न्यायमतात आत्मा नित्य आहे, पण ज्ञान हा त्याला येऊन चिकटणारा गुण. त्यामुळे मोक्षात जाणीवही उरत नाही. सांख्यांचे पुरुष, म्हणजे आत्मे, अनेक आहेत, तर शंकराचार्यांच्या अद्वैतात आत्मा एकच आणि तोच ब्रह्म. जैनमतात जीव ज्या देहात असेल त्या देहाएवढा होतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे या परंपरेचे जुने पीठ. युरोपात देकार्तने 1641 मध्ये विचार करणारे द्रव्य म्हणजेच ‘मी’ असे मांडले, आणि लॉकने व्यक्तीची ओळख स्मृतीच्या सलगतेवर टेकवली. ह्यूमने 1739 मध्ये दोन्हींना धक्का दिला : आत डोकावले की ऊन-थंडी, राग-लोभ सापडतात, त्यांचा धनी सापडत नाही.

विदर्भाच्या मातीत सर्वांत खोल रुजलेली मांडणी चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाची. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे वास्तव्य होते. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ हे त्यांचे चरित्र सिद्ध केले, तेही इथल्याच परिसरात. या मतात जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जग) आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध. जीव मात्र बद्धमुक्त, म्हणजे अनादी काळापासून बांधलेला, पण सुटू शकणारा. सुटल्यावरही तो परमेश्वरात विरघळत नाही, वेगळा राहूनच त्याचा आनंद भोगतो. ‘मी’ला शेवटपर्यंत पुसू न देणारी ही भूमिका अद्वैताच्या छायेत वाढलेल्या मराठी वाचकाला अनोळखी वाटते, आणि तिच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

तिचे परिणाम आचारात उतरले. देवता स्वतःच बद्ध, मग त्या दुसऱ्याला काय सोडवणार? देवता फळ देतील, मोक्ष देणार नाहीत. त्यामुळे पंथाचा उपदेश घेतलेले माणूस गावदेवाचा नवस करत नाही. एकमेकांना भेटताना ‘दंडवत प्रणाम’ म्हणते आणि रिद्धपूरला गेले की अवतारांच्या स्पर्शाने पावन झालेल्या जागी बांधलेल्या ओट्यांना डोके टेकवते. दुसरा परिणाम याहून मोठा. पुरुषांचे ते जीव आणि बायकांच्या त्या जीवुल्या असे काही असते का, असा चक्रधरांचा सवाल ‘लीळाचरित्रा’त आहे. स्त्रियांना संन्यास मिळाला तो या तर्काने. रिद्धपुरात ‘धवळे’ ही विवाहगीते रचणारी महानुभाव कवयित्री महदाइसा त्याच वाटेची.

अद्वैताच्या बाजूने विदर्भाने दिलेले उत्तर अमरावती जिल्ह्यातीलच माधान गावच्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे (1881–1915). तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या तत्त्वज्ञाने ज्ञानेश्वरांना पिता आणि श्रीकृष्णाला पती मानले. अंगावर मंगळसूत्र, कपाळी कुंकू. आत्मा एकच आहे, मग प्रेम कोणी कोणावर करायचे, हा अद्वैती भक्तीपुढचा जुना पेच. त्यांच्या मधुराद्वैताचे म्हणणे असे, की ज्ञानानंतर भेद खरा उरत नाही, तरी प्रेमासाठी तो ठेवता येतो. तुकडोजी महाराजांनी हाच धागा ‘ग्रामगीते’त गावाकडे वळवला : गावातल्या माणसांत स्वतःला पाहणे हे तिथे साधनेइतकेच ग्रामसेवेचे सूत्र आहे.

तिसरे उत्तर आत्माच नाकारणारे. बौद्ध मतानुसार रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांच्या, म्हणजे घटकांच्या, जुळणीला आपण ‘मी’ म्हणतो. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण दिले होते. तेच इथल्या बंडीला लागू पडते. चाके, आस, जू, साट्या सुट्या करून अंगणात मांडल्या तर त्यांत बंडी नावाची निराळी वस्तू हाती लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, आणि हा अनात्मवाद विदर्भाच्या गावोगावच्या वस्त्यांत पोचला. बावीस प्रतिज्ञांपैकी एक थेट या विषयाची आहे : श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. जायला आत्माच नाही, तर पिंड कोणासाठी?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात घरोघरी मातीची नवी घागर भरून पितरांच्या नावे आंब्याच्या रसाचे पान वाढले जाते. बौद्ध घरांनी ही रीत सोडली. जवळचे माणूस गेले की तिथे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो : मृताचा फोटो, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, मग गेलेल्याच्या आठवणी सांगणारी दोन-चार भाषणे.

आत्मा नसेल तर कर्माचे फळ कोण भोगतो, हा आक्षेप या मतावर पूर्वापार घेतला जातो. थेरवादी या जुन्या बौद्ध परंपरेचे उत्तर असे, की पुढे जाणारा कोणी नसला तरी कारण-कार्याची साखळी तुटत नाही. बाबासाहेबांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वेगळी वाट घेतली. पृथ्वी, आप, तेज, वायू ही मूलद्रव्ये मृत्यूनंतर निसर्गातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येऊ शकतात, तेवढ्यापुरताच पुनर्जन्म. कर्माचा नियम त्यांनी मागच्या जन्मावरून काढून जगाच्या नैतिक व्यवस्थेला जोडला. ज्यांच्या हलाखीचे खापर पिढ्यानपिढ्या पूर्वजन्मीच्या पापांवर फोडले गेले, त्यांच्यापुढे हे मांडले जात होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या उत्तराचे वजन कळत नाही.