निओ म्हणजे ट्राम नव्हे: फरक चाकात आणि तारेत

नाशिकरोडला बिटको चौकात बसची वाट बघत उभा होतो. शेजारचे काका म्हणाले, "ती मेट्रो निओ म्हणजे आपली जुनी ट्रामच ना? फक्त घोड्यांऐवजी वीज." ते बोलत होते नाशिकसाठी जाहीर झालेल्या मेट्रो निओ या योजनेबद्दल. तेवढ्यात बस आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. त्यांना द्यायचं उत्तर इथे सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय.

आधी आपली जुनी ट्राम. 1889 च्या सुमारास नाशिकरोड स्टेशनपासून नाशिकच्या मेन रोडपर्यंत अडीच फुटी अरुंद रुळांवर ती सुरू झाली. डबे घोडे ओढायचे. नाशिक आणि नाशिकरोड तेव्हा दोन वेगळी गावं होती, मध्ये मोकळं रान. महापालिका होऊन ती एका कारभाराखाली आली ती थेट 1982 मध्ये. म्हणजे शेजारच्या दोन गावांना जोडणारी ट्राम आपल्याकडे होती आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंदही पडली.

हेच काम आज इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टन या दोन शहरांमध्ये ट्राम करते. 1999 मध्ये सुरू झालेला, जवळपास 20 किलोमीटरचा हा मार्ग बराचसा जुन्या बंद रेल्वेमार्गावरून जातो आणि शहरात शिरला की रस्त्यावर उतरतो. नाव मात्र 'वेस्ट मिडलँड्स मेट्रो'. आपला घोळ इथेच होतो. तिथे मेट्रो म्हणतात ती ट्राम आहे. इथे 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींची नाशिक मेट्रो जाहीर झाली, ती निओ पद्धतीची, आणि निओ ना मेट्रो ना ट्राम. ती ट्रॉलीबस आहे, म्हणजे वरच्या तारांतून वीज घेणारी टायरची बस. मुंबईत 1962 ते 1971 या काळात धावली त्याच जातीची, फक्त लांबलचक, जोडडब्यांची आणि बहुतांश खांबांवरच्या स्वतंत्र मार्गावरून जाणारी.

नाव बाजूला ठेवा आणि चाकाकडे बघा. ट्रामचं चाक पोलादी, रूळही पोलादी. रस्त्यावर हा रूळ खाचेचा असतो आणि डांबराच्या पातळीत बसवलेला, म्हणून त्यावरून रिक्षाही जाते आणि माणूसही चालतो. निओला रबरी टायर आणि खाली काँक्रीट. टायर दर फेऱ्याला दबतो, तापतो, त्यात वीज वाया जाते. पोलादावर पोलाद हे नुकसान कितीतरी कमी करतं. उलट पकड टायरची चांगली. चढावर आणि अचानक ब्रेक लावताना त्याचा फायदा होतो. रूळ ओले झाले किंवा त्यावर पाला पडला की ट्रामचं चाक घसरतं, म्हणून तिच्यात वाळूची पेटी असते आणि चाकापुढे वाळू सोडतात.

आता वर बघा, ओळखायची पक्की खूण तिथे आहे. ट्रामवर एकच तार असते. वीज तारेतून पँटोग्राफने, म्हणजे छतावरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्याने, आत येते, मोटर फिरवते आणि पोलादी चाकातून रुळावाटे परत जाते. टायरातून वीज जात नाही. म्हणून ट्रॉलीबसला शेजारी-शेजारी दोन तारा लागतात, एकीतून यायचं आणि दुसरीतून परत जायचं. गाडीच्या छतावर मागे दोन लांब दांडे असतात, प्रत्येक तारेला एक. जुन्या गाड्यांत वळणावर दांडा निसटला की गाडी जागेवर थांबायची. मग कर्मचारी मागे जाऊन दोरी ओढत, मान वर करून तो दांडा परत तारेला टेकवायचा. आता गाडीत बॅटरी असते, त्यामुळे तार सुटली तरी पुढे सरकता येतं. बॅटरीचा उपयोग ट्रामलाही होतो. बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती भागात काही अंतर ट्राम तारेविनाच धावते.

वाहून नेण्याच्या क्षमतेतही दोघींत फरक आहे. केंद्राने रुळांवरच्या हलक्या, ट्रामसारख्या प्रकाराला 'मेट्रोलाइट' असं नाव दिलंय. तो गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला 15,000 प्रवाशांपर्यंत, तर निओ 8,000 पर्यंत, असा हिशेब आहे. रूळ टाकायचे म्हणजे रस्ता खणायचा, खालच्या जलवाहिन्या आणि केबल हलवायच्या. टायरवाल्या गाडीचा तो खर्च वाचतो, आणि स्वस्त पर्याय म्हणून निओ पुढे आली ती यामुळेच.

मला विचाराल तर चाकापेक्षा जिन्याचा प्रश्न मोठा आहे. जमिनीवरची ट्राम फुटपाथलगत थांबते, आणि भाजीची पिशवी घेतलेली आजी एक पायरी न चढता सरळ आत जाते. खांबांवरच्या निओसाठी लिफ्ट चालू असावी लागते, रोज, दिवसभर. याउलट जमिनीवर ट्राम आणायची तर नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकातून तिच्यासाठी एक पट्टा मोकळा करावा लागेल, आणि तो घ्यायचा आपल्याच गाड्यांकडून. संध्याकाळी साडेसहाला द्वारकेला उभं राहून बघितलं की ही मागणी किती जड आहे ते समजतं. तरीही मला ती वाजवी वाटते, कारण त्या पट्ट्यावरून जाणाऱ्या एका ट्राममध्ये मावतील तेवढी माणसं तिथे शंभरावर गाड्यांतून अडकून पडलेली असतात.

काका पुन्हा भेटले की आधी एवढंच सांगणार: रूळ असतील आणि वर एक तार असेल तर ट्राम, टायर असतील आणि दोन तारा असतील तर निओ.