शांत माणसाच्या नावाचा गोंगाट : मॉस्कोनी कपची पार्श्वभूमी

डिसेंबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. घरात सगळे झोपलेले, माझ्या कानात इयरफोन आणि इयरफोनमध्ये भोंगे, आरोळ्या, फुटबॉलच्या मैदानावरून उचललेली गाणी. खेळाडू टेबलावर ओणवा झालाय, क्यू, म्हणजे फटक्याची काठी, मागे घेतलाय, तरी गॅलरीतून कुणीतरी ओरडतंच. क्यूचे खेळ ज्यांनी जिमखान्याच्या 'शूऽऽ' म्हणणाऱ्या खोलीत पाहिलेत त्यांना हा प्रकार आधी चक्क असभ्य वाटतो. मलाही वाटला होता. आता त्याच्याशिवाय करमत नाही.

ही स्पर्धा म्हणजे मॉस्कोनी कप. युरोप विरुद्ध अमेरिका, बाजूला पाच-पाच खेळाडू, खेळ नाइन-बॉल पूल. जो संघ आधी अकरा सामने जिंकेल त्याचा करंडक. एकेरी, दुहेरी आणि पाचही जण आळीपाळीने खेळतात तो सांघिक सामना, अशी सरमिसळ असते. गंमत अशी की ज्या विली मॉस्कोनीचं नाव या करंडकाला दिलंय, त्याचा खेळ हा नव्हता आणि हा गोंगाट तर मुळीच नव्हता.

आधी खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्याकडे पार्लरमध्ये बहुतेक जण खेळतात तो एट-बॉल : एकाचे भरीव बॉल, दुसऱ्याचे पट्ट्यांचे, शेवटी काळा. नाइन-बॉलमध्ये टेबलावर एक ते नऊ एवढेच बॉल. पांढरा बॉल प्रत्येक वेळी टेबलावरच्या सर्वांत कमी आकड्याच्या बॉलला आधी लागला पाहिजे. पण जिंकतो तो, जो नऊ नंबर घालतो. म्हणजे तुम्ही एक ते आठ रांगेने घालून नऊवर चुकलात, तर समोरचा उठून एक बॉल घालतो आणि रॅक, म्हणजे तो डाव, त्याचा. उलट एकला मारून तो जाऊन नऊवर आदळला आणि नऊ पॉकेटात गेला, तरी रॅक तुमचा. खेळ वेगवान आहे आणि मेहनतीचा मोबदला मिळेलच याची खात्री देत नाही. मॉस्कोनीच्या पिढीचा खेळ याच्या अगदी उलट होता.

विली मॉस्कोनी १९१३ साली फिलाडेल्फियात जन्मला. वडिलांचा पूल हॉल होता. पोराने या नादाला लागू नये म्हणून वडील बॉल आणि क्यू कुलपात ठेवत, तर पोरगा रात्री झाडूच्या दांड्याने बटाटे ढकलून सराव करी, असं सांगतात. पुढे तो स्ट्रेट पूलचा राजा झाला. त्यात पंधरा बॉल मांडायचे, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटात घालायचा पण आधी सांगून घालायचा, आणि प्रत्येक बॉलला एक गुण. चौदा गेले की शेवटचा टेबलावर ठेवून बाकीचे पुन्हा मांडायचे आणि चालू राहायचं. नशिबाला इथे फारशी जागा नाही. १९४१ ते १९५७ या काळात त्याने जागतिक विजेतेपद पंधरा वेळा मिळवलं. १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात त्याने न चुकता सलग ५२६ बॉल घातले. टेबल आठ फुटी, म्हणजे लहान होतं, नऊ फुटी नव्हे, यावर रसिक अजून भांडतात. भांडोत. ५२६ हा आकडा साठ वर्षांहून अधिक काळ उभा राहिला.

मॉस्कोनी कोट-टाय घालून खेळायचा आणि पैजा लावून पोट भरणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. आता दैवगती पाहा : १९६१ च्या 'द हसलर' या पैजबाजांवरच्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार तोच. नायक पॉल न्यूमनच्या नावावर दिसणारे अवघड फटके बरेचसे मॉस्कोनीच्या हातचे. चित्रपटात 'मिनेसोटा फॅट्स' नावाचं पात्र होतं. रुडॉल्फ वाँडरोन नावाच्या एका बडबड्या पैजबाजाने 'तो मीच' म्हणून ते नाव स्वतःला लावून घेतलं आणि त्यावर प्रसिद्धी कमावली. मॉस्कोनी संतापला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी १४ फेब्रुवारी १९७८ रोजी दोघे न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर खेळले. मॉस्कोनी जिंकला. पण बघणाऱ्यांना मजा आली ती फॅट्सच्या तोंडाच्या पट्ट्याची. पूल टीव्हीवर विकायचा तर नुसतं कौशल्य पुरत नाही, दोन बाजू आणि थोडं भांडण लागतं, हे तेव्हाच दिसलं होतं. अमेरिकेत त्याचा उपयोग कुणी फारसा केला नाही. केला तो इंग्लंडमधल्या एका माणसाने.

बॅरी हर्न. लंडनच्या पूर्वेला रॉमफर्डमध्ये त्याचा स्नूकर हॉल होता. तिथे सरावाला येणाऱ्या स्टीव्ह डेव्हिस नावाच्या लाल केसांच्या पोराचा तो मॅनेजर झाला. डेव्हिस सहा वेळा जगज्जेता झाला आणि हर्नची मॅचरूम कंपनी मोठी झाली. सप्टेंबर १९९३ मध्ये मॉस्कोनी वारला. १९९४ मध्ये मॅचरूमने त्याच्या नावाने युरोप-अमेरिका लढत सुरू केली, कुठे, तर रॉमफर्डच्याच एका बोलिंग सेंटरमध्ये. कल्पना गोल्फच्या रायडर कपची, धंदा सरळ टीव्हीचा. ब्रिटिश प्रेक्षकाला नाइन-बॉल ठाऊक नव्हता, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत युरोपच्या संघात डेव्हिस, जिमी व्हाइट, अलेक्स हिगिन्स असे स्नूकरचे ओळखीचे चेहरे घातले. अकराची अट तेव्हा नव्हती; पहिला करंडक अमेरिकेने १६-१२ असा जिंकला, दुसरा युरोपने १६-१५ असा ओढून आणला. मग १९९६ पासून सलग सहा वर्षं अमेरिका. अर्ल स्ट्रिकलंड, जॉनी आर्चर ही मंडळी यायची, जिंकायची आणि जायची. त्यांच्या दृष्टीने हा डिसेंबरातला बरा पैसा देणारा जलसा होता.

इथे थोडं आपल्याकडे वळतो. स्नूकर हा खेळच मुळी १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात अडकून पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आकाराला आला आणि उटीच्या क्लबात त्याचे नियम टांगले गेले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. मग मुंबईचे मायकल फरेरा आले. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच. त्यामुळे आपला डोळा स्नूकर-बिलियर्ड्सवर घडलेला आहे : बारा फुटी टेबल, अरुंद पॉकेट, टाळ्या फक्त फ्रेम संपल्यावर. पूल म्हणजे कॉलेज बुडवून तासावर भाडं देऊन खेळायची गोष्ट, किंवा गोव्याच्या बारमधलं कोपऱ्यातलं टेबल. त्याचेही व्यावसायिक खेळाडू असतात आणि त्यांचा पिच्छा पुरवावा इतकं त्यात काही असतं, हे माझ्यासारख्याला उशिरा कळलं. 'एवढी मोठी पॉकेटं, त्यात काय घालायचंय?' हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. उत्तर असं की घालणं हे निम्मंच काम, पांढरा पुढच्या बॉलसाठी कुठे थांबतो हे उरलेलं निम्मं. नाइन-बॉलमध्ये पुढचा बॉल कुठला हे समोरच्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे तुमची चूक लपत नाही.

२००२ कडे येऊ. लंडनच्या बेथनल ग्रीनमधला यॉर्क हॉल ही मुष्टियुद्धाची जुनी जागा. खालून वरपर्यंत माणसं, आणि बाल्कनी अशी की टेबलावर थेट वाकून बघता येतं. युरोपला करंडकासाठी एकच सामना हवा होता. टेबलावर पंचेचाळिशीचा डेव्हिस, समोर स्ट्रिकलंड. स्ट्रिकलंड म्हणजे जगातला उत्तम नाइन-बॉल खेळाडू आणि जगातला सर्वांत चिडका. प्रेक्षक डिवचणार, हा उलट बोलणार, हे ठरलेलं. डेव्हिस मात्र स्नूकरमधल्यासारखाच, चेहऱ्यावर रेष हलू न देता खडू लावत उभा. तो जिंकला आणि युरोपने १२-९ ने करंडक घेतला. मॉस्कोनी कपला स्वतःचा स्वभाव सापडला तो या हॉलमध्ये, असं माझं मत. मॉस्कोनीसारखा गप्प माणूस टेबलावर, फॅट्ससारखा तोंडाळ समोर, आणि भोवती गोंगाट.

पुढे तराजू फिरला. २००६ ला रॉटरडॅममध्ये १२-१२ अशी बरोबरी झाली. २००७ ते २०१७ या अकरा वर्षांत अमेरिका जिंकली एकदाच, २००९ मध्ये. २०१३ ला तर घरच्या लास व्हेगासमध्ये २-११. हे का झालं, याचं उत्तर टेबलावर नाही, टेबलाबाहेर आहे. अमेरिकेत पूल म्हणजे एका बाजूला बारमधल्या लीग आणि दुसऱ्या बाजूला पैजा. मधली पायरीच ढासळली होती. नव्वदच्या दशकात सिगारेट कंपनीच्या पैशावर एक व्यावसायिक मालिका चालली, पैसा आटला तशी तीही आटली. २००६ मध्ये इंटरनॅशनल पूल टूर मोठमोठ्या आकड्यांसह आली. रीनोच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर होतं, पण विजेत्यांचे पैसे रखडले आणि सगळा डोलारा बसला. युरोपमध्ये याउलट क्लब होते, जर्मनीत लीग होती आणि १९९२ पासून युरो टूर न गाजावाजा करता वर्षभर शहराशहरांत फिरत होती. राल्फ सुके, मिका इमोनेन, निल्स फायेन हे खेळाडू अशा नेमाच्या खेळातून तयार झाले. अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग जन्मतः श्रवणदोष असलेला, साउथ डकोटाचा. पाच वेळा पूलची यूएस ओपन जिंकलेला हा माणूस दरवर्षी एकटा किल्ला लढवायचा आणि दरवर्षी पडायचा.

शेवटी अमेरिकेने युरोपचा जुना कोचच आपल्याकडे ओढला. युरोपला अनेकदा जिंकून देणारा न खेळणारा डच कर्णधार योहान राउसिंक २०१७ मध्ये त्यांच्याकडे आला. त्याने काय केलं? पैजेत वाढलेल्या पोरांना संघात बसायला शिकवलं. स्कायलर वूडवर्ड नावाचा केंटकीचा पोरगा पेटला आणि २०१८ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, युरोपच्या तोंडावर, अमेरिका ११-९ ने जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा, ११-८. मग २०२० पासून युरोपचा वरचष्मा परत आला. २०२० ची स्पर्धा कोव्हेंट्रीत रिकाम्या हॉलमध्ये झाली. ब्रेकनंतर, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, बॉल टेबलाच्या कडेवर आपटल्याचा, पांढरा कापडावर घसरल्याचा सगळा आवाज ऐकू येत होता. मॉस्कोनीला आवडली असती अशी शांतता. मला ती बघवेना. ११-३ असा एकतर्फी निकाल लागला आणि मी दोन सत्रं झोपून घालवली.

या स्पर्धेला नावं ठेवणारे म्हणतात, पाच रॅकपर्यंतचा सामना, म्हणजे जो आधी पाच रॅक घेईल तो जिंकला, हा निव्वळ छापा-काटा. बरोबरच आहे. नाइन-बॉलमध्ये चांगल्या-वाईटाचा निवाडा व्हायला लांब सामने लागतात. १९९६ मध्ये हाँगकाँगला एफ्रेन रेयेस आणि स्ट्रिकलंड एकशेवीस रॅकपर्यंत खेळले, तीन दिवस, आणि रेयेस १२०-११७ ने जिंकला. शहाणपण तिथे. पण चाहत्याला रात्री जागवायचं तर पाच रॅकचा सामनाच हवा. एक वाईट ब्रेक, एक फ्लूक, तीस सेकंदांचं घड्याळ टिकटिकतंय, आणि बाकावर बसलेले चार जण डोकं धरून. नाइन-बॉलचा जो दोष जगज्जेतेपदात खुपतो, तोच इथे कामाला लावलाय. हर्नच्या धंदेवाईक डोक्याला माझा सलाम याचसाठी.

मग आक्षेप उरतो एकच, आणि तो मोठा आहे : या दोन संघांबाहेर राहिलेले. रेयेस हे नाव वर आलंच. पांपांगाचा हा फिलिपिनो लहानपणी मनिलातल्या मामा-काकांच्या पूल हॉलमध्ये टेबलावरच झोपायचा. १९८५ मध्ये 'सीझर मोरालेस' असं खोटं नाव घेऊन ह्यूस्टनला उतरला आणि अमेरिकी पैजबाजांना धुवून गेला. १९९४ मध्ये, ज्या वर्षी रॉमफर्डमध्ये मॉस्कोनी कप सुरू झाला त्याच वर्षी, यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी ठरला. १९९९ ला कार्डिफमध्ये जगज्जेता. अनेकांच्या लेखी इतिहासातला सर्वश्रेष्ठ. आणि मॉस्कोनी कपमध्ये त्याला जागाच नाही, कारण तो ना युरोपचा ना अमेरिकेचा. तैवान, जपान, व्हिएतनाम, सगळ्यांची हीच कथा. दरम्यान मॉस्कोनीचा ५२६ चा आकडाही हातातून गेला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. शॉ स्कॉटलंडचा, युरोपच्या संघातला, आणि त्या गोंगाटात सर्वांत जास्त आरडाओरडा करणाऱ्यांपैकी एक.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅचरूमनेच मनिलात आशिया विरुद्ध युरोप अशी नवी लढत सुरू केली. नाव रेयेस कप, आशियाचा कर्णधार खुद्द रेयेस. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे संध्याकाळचे सात वाजले की इथे साडेचार. पहिल्यांदाच झोपमोड न करता बघायला मिळालं, फक्त फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये उभा करून ठेवावा लागला. संघात एकही भारतीय नव्हता, तरी मी बिनदिक्कत 'आपले' म्हणत होतो. युरोपने ११-६ ने हरवलं आपल्याला.