बॅलेचे मूळ रशियात नाही

‘बॅले हे मूळचे रशियन नृत्य आहे,’ असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. रशियन बॅलेची कीर्ती पाहता असा समज होणे स्वाभाविकच आहे. परंतु या नृत्याचा उगम १५व्या शतकातील इटलीच्या राजदरबारांत झाला, पुढे ते फ्रान्समध्ये रुजले आणि तेथे १६६१ मध्ये राजाज्ञेने नृत्य-अकादमी स्थापन झाल्यावर त्याला शास्त्रशुद्ध शिस्त लाभली. रशियातील पहिली नृत्यशाळा १७३८ ची, तीही फ्रेंच शिक्षकाच्या हाताखालची.

पडताळा सोपा आहे. शब्दकोशात ‘बॅले’ची व्युत्पत्ती पाहिल्यास ती ‘बाल्लारे’, म्हणजे नाचणे, या इटालियन क्रियापदापर्यंत पोहोचते. त्याहून बोलका पुरावा वर्गातच ऐकू येतो: टाचा जुळवून, पावले बाहेर वळवून गुडघे वाकवण्याच्या क्रियेला मॉस्कोतही ‘प्लिए’ हाच फ्रेंच शब्द वापरतात.