अमेरिकेतून अस्थी भारतात नेताना : कोणते कागद, कोणत्या क्रमाने

आई किंवा वडील अमेरिकेत वारले, दहन तिथेच झालं आणि विसर्जन मात्र नाशिकला रामकुंडावर करायचं ठरलं, तर विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आधी कागद हातात येऊ द्या.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. तो फ्युनरल होममार्फत, म्हणजे अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेमार्फत, मागवता येतो. प्रमाणित प्रती चार-सहा तरी घ्याव्यात, कारण बँक आणि विमा कंपनीलाही त्या लागतात. दाखल्यातला बराचसा तपशील घरच्यांनी सांगितलेला असतो, आणि आपल्या नावांचा घोळ नेमका इथे होतो. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, ग्रीन कार्डावर ते गायब, बँकेत नुसतं आद्याक्षर. त्या दिवसांत घरातलं कुणीतरी फोनवर घाईघाईत स्पेलिंग सांगून मोकळं होतं. म्हणून नोंद होण्याआधी मसुदा मागून घ्या आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकदा नोंद झाली की दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज, वेगळे पुरावे आणि वाट पाहणं आलं.

दुसरा कागद दहनाचा दाखला. आपल्याकडे सावडतात तशा अस्थी तिथे मिळत नाहीत. हाडं दळून पूड करून देतात. प्रौढ व्यक्तीची ती साधारण दोन ते तीन किलो भरते. जाड पिशवीत, प्लास्टिकच्या डब्यात. सोबत बहुधा क्रमांक कोरलेली धातूची छोटी चकती असते. तो क्रमांक कागदांशी जुळवून पाहा आणि चकती तशीच राहू द्या.

मग भारतीय वकिलातीचं ना हरकत प्रमाणपत्र. कुठे अर्ज करायचा हे राज्यावरून ठरतं : वॉशिंग्टनचा दूतावास किंवा न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशा ठिकाणच्या वकिलाती. अर्ज जवळच्या नातेवाइकाने करावा. अस्थी दुसरं कुणी नेणार असेल तर अधिकारपत्र जोडावं. दोन्ही दाखले, गेलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट, नेणाऱ्याचा पासपोर्ट आणि तो परदेशी नागरिक असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) किंवा व्हिसा, एवढं तयार ठेवा. गेलेली व्यक्ती भारतीय नागरिक असेल तर मूळ पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० नुसार परदेशातल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंदही वकिलातीत होते. ती याच फेरीत उरकावी. शुल्क आणि नोटरीच्या अटी त्या-त्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहा, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या जुन्या यादीवर विसंबू नका.

आता विमानतळ. सुरक्षा तपासणीत डबा एक्स-रेमधून जातो आणि आतलं दिसलं पाहिजे. तपासनीस डबा उघडत नाहीत, तुम्ही स्वतः सांगितलंत तरी नाही. आतलं दिसलं नाही तर डबा पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे तांब्या-पितळेच्या कलशाचा आग्रह इथे नडतो. फ्युनरल होमने दिलेला प्लास्टिकचा डबाच न्या, कलश नाशिकला घ्या. डबा हातातल्या सामानात ठेवावा. चेक-इन बॅगेत अस्थी न्यायला काही विमान कंपन्या परवानगीच देत नाहीत. कंपनीला आधी कळवा आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या देशाचे नियमही विचारून घ्या. सगळ्या कागदांचा एक संच डब्यासोबत, दुसरा खिशात.

रामकुंडावर वेगळी सरकारी कटकट नाही. आपल्या तीर्थोपाध्यायांना आधी फोन केलेला बरा. पूड बारीक असते, वाऱ्याने अंगावर येते, तेव्हा पाण्याच्या अगदी जवळ धरून सोडा.

गेलेल्या व्यक्तीच्या नावावर भारतात शेत, फ्लॅट किंवा बँकेत ठेव असेल, तर निघण्याआधीच मृत्यूच्या दाखल्याच्या एका प्रतीवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घ्या. ज्या राज्याने दाखला दिला, त्याच राज्याच्या, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, कार्यालयात ते होतं. अस्थी नेण्यासाठी त्याची गरज नसते, पण सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला तलाठ्याकडे जाल तेव्हा तीच प्रत पुढे करावी लागेल.