दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला?

हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. तिसरीतल्या मुलाची किडलेली दाढ म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं ठणका, अर्धवट जेवण, मोडलेली झोप. पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. शिवाय सहाव्या वर्षी मागे उगवणारी दाढ कायमची असते. ती दुधाची समजून कितीतरी घरांत गमावली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आईबापांना दोष देऊ नका. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दंतवैद्य नसतो. तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते.

तरी एक वाट आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी करतं. त्यात दातही येतात, पुढचे उपचार मोफत असतात. पथक आलं की मुलाचं तोंड उघडून दाखवा, पुढच्या उपचारांसाठीची चिठ्ठी मागून घ्या.