धातूच्या टोप्या आणि अकरा धातू

नावाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत जर्मन माणसाला ‘बेश बिच्आही’ म्हणतात. बेश म्हणजे धातू, बिच्आह म्हणजे त्याची टोपी, आणि शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘तो, जो’. ज्याच्या डोक्यावर धातूची टोपी, तो जर्मन. अशा टोपीला पहिल्या महायुद्धापासून जर्मन लोक स्वतः ‘श्टालहेल्म’ म्हणत आले. श्टाल म्हणजे पोलाद, हेल्म म्हणजे शिरस्त्राण. जर्मनने दोन नामं जोडून वस्तूला नाव दिलं, नावाहोने माणसाचं वर्णन केलं आणि तेच त्याचं नाव झालं.

नावाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. अमेरिकेच्या अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांच्या कोरड्या पठारावर त्यांची भूमी आहे. ही भाषा बोलणारे दीड लाखाहून थोडे अधिक, तर जर्मन मातृभाषा असलेले नऊ कोटींच्या घरात. दोन्ही भाषांचं रक्ताचं नातं नाही. जर्मन ही मराठीच्याच लांबच्या गोतातली, इंडो-युरोपीय. नावाहोची भावंडं थेट अलास्का आणि कॅनडाच्या जंगलात सापडतात. पण ‘लांबलचक शब्दांची अवघड भाषा’ हा शिक्का दोघींवर बसला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण ओझं दोघी वाहतात, पण वेगवेगळ्या खांद्यावर. जर्मनचं ओझं नामावर, नावाहोचं क्रियापदावर.

‘दे’ हेच घ्या. मराठीत सफरचंद दे, पाणी दे, कागद दे, बाळाला माझ्याकडे दे, सगळीकडे एकच दे. नावाहोत ‘शा’ म्हणजे माझ्याकडे. सफरचंद मागायचं तर ‘शा नीआह’, वाटीतलं पाणी ‘शा नीकाह’, कागद ‘शा नील्त्सोस’ आणि बाळ ‘शा नील्तेह’. वस्तू गोळीबंद आहे की लवचीक दोरीसारखी, ताठ काठीसारखी आहे की चपटी आणि मऊ, उघड्या भांड्यात आहे की चिखलासारखी गिलगिलीत, पिंजलेल्या लोकरीसारखी आहे की गाठोड्यासारखी, की जिवंत आहे, यावर क्रियापदाचं मूळ बदलतं. वस्तू पुष्कळ असतील तर त्यासाठी आणखी दोन मुळं. अशी एकंदर अकरा. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या मुळालाही आपण धातूच म्हणतो, तेव्हा अकरा धातू म्हणू. कुणी हात पुढे करून नुसतं ‘शा नीकाह’ म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला कळतं की वाटी, पेला असं काहीतरी हवं आहे, आणि ते न सांडता द्यायचं आहे.

जर्मनमध्ये याची एक छोटी झलक दिसते. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं इथे हमखास अडखळतात. आपण सगळंच ‘ठेवतो’, जर्मन माणूस वस्तू उभी ठेवतो किंवा आडवी ठेवतो. बाटली टेबलावर ‘उभी असते’, पुस्तक टेबलावर ‘पडलेलं असतं’, आणि तेच पुस्तक कपाटात लावलं की ‘उभं राहतं’. ताटली चपटी असूनही ‘उभी असते’, कारण तिला बूड आहे! जर्मन क्रियापद वस्तूचं आसन पाहतं, नावाहो क्रियापद तिचा बांधा पाहतं. ताटलीचं उदाहरण कळलं की हा फरक कायमचा डोक्यात बसतो.

कुणी कुणाला काय केलं, हे सांगण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. जर्मनमध्ये ‘डेअर हुंड बाइस्ट डेन मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. क्रम उलटवून ‘डेन मान बाइस्ट डेअर हुंड’ म्हटलं तरी अर्थ तोच, कारण ‘डेन’मुळे चावा कुणाला बसला ते कळतं. नावाहोत नामाला अशी विभक्ती नाही. तिथे जो जास्त सचेतन तो वाक्यात आधी येतो. मधमाशी मुलीला डसली, तर मुलगी आधी आणि मधमाशी नंतर. मग डसलं कोण? ते क्रियापदाला सुरुवातीला लागलेला ‘यि’ किंवा ‘बि’ सांगतो. इथे ‘बि’ येतो, म्हणजे ‘मुलीला मधमाशीकडून’. मधमाशी आधी आणि ‘यि’ नंतर असं वाक्य केलं, तर ते नावाहो कानाला खटकतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘मुलीला मधमाशी चावली’ असंच आपण बोलतो, मुलगी आधी. आपण ‘पुस्तक पाहिलं’ म्हणतो, पण ‘मुलीला पाहिलं’. जिवंत असण्या-नसण्याची दखल आपलं व्याकरणही घेतं, फक्त त्यासाठी ‘ला’ वापरतं, जर्मनसारखं नामापाशीच.

मग आकार टिपणारी भाषा बोलणारी मुलं जगाकडेही आकारानेच पाहतात का? १९५८ साली कॅरोल आणि कॅसाग्रांदे या संशोधकांनी नावाहो मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर पिवळी काठी आणि निळी दोरी. मग पिवळी दोरी दाखवून विचारायचं, हिची जोडी कुणाशी? मुख्यतः नावाहो बोलणाऱ्या मुलांनी, इंग्रजीकडे वळलेल्या नावाहो मुलांपेक्षा जास्त वेळा, रंग सोडून दोरी निवडली. भाषेचा प्रभाव सिद्ध झाला म्हणायचं, तर बोस्टनमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनीही आकारच निवडला. संशोधकांना वाटलं, हा त्यांच्या खेळण्यांचा परिणाम असावा. भाषा लक्ष वेधते, पण लक्ष वेधणारी ती एकटीच नसते. हा अर्धा भाग अनेकदा सांगायचा राहून जातो.

नावाहो क्रियापदांची घडी उलगडणाऱ्यांत भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर हे मोठं नाव. त्यांचा जन्म १८८४ सालचा, तेव्हाच्या जर्मनीतल्या लाउएनबुर्गचा. १९२९ साली न्यू मेक्सिकोतल्या क्रिस्टल या वस्तीवर त्यांनी नावाहो बोलणाऱ्यांसोबत काम केलं. १९३९ साली ते गेले. नावाहोच्या ध्वनी आणि शब्दघडणीवरचा त्यांचा ग्रंथ हॅरी हॉयर यांनी पुरा केला, तो छापून यायला १९६७ उजाडलं.

जर्मन लोक भेटल्यावर ‘गुटेन टाग’ म्हणतात, म्हणजे ‘शुभ दिवस’, एक विशेषण आणि एक नाम. नावाहो माणूस म्हणतो ‘या-आत-एह’. मध्ये दोनदा घसा क्षणभर बंद होतो. शब्दाचा अर्थ ‘ते चांगलं आहे’, आणि तो शब्द क्रियापद आहे.